सांबाची पाव मात्रा

बॉलरूम सांबा हा जोडीने करायचा नृत्यप्रकार असून जागतिक स्पर्धांत लॅटिन गटात मोडणाऱ्या सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो दोब्ले आणि जाइव्ह ह्या पाच नृत्यांपैकी तो शिकायला विशेष अवघड मानला जातो. ही अवघडता प्रेक्षकाच्या सहसा ध्यानात येत नाही, कारण त्याची नजर नर्तकाच्या कमरेवर खिळलेली असते, आणि शिकू लागणाराही मग कंबर हलवण्यापासूनच सुरुवात करतो. सांबात कंबर हलते हे खरे, परंतु ती हलवावी लागत नाही. गुडघा आणि घोटा ठरल्या वेळी वाकले व सरळ झाले, आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर शरीराचा भार नेमक्या क्षणी गेला, तर कंबरेचे आंदोलन आपसूक घडते. तो क्षण एका मात्रेच्या चौथ्या हिश्शाएवढा लहान असतो, आणि सांबाचे बहुतेक शिक्षण ह्या पाव मात्रेभोवती फिरत राहते.

डिचोली तालुक्याच्या उत्तर कडेला, सिंधुदुर्गातील दोडामार्गाला भिडलेल्या लाटंबार्से गावात किंवा त्याच्या आसपासच्या डिचोली-पेडणे पट्ट्यात सांबाचा विचार करायचा तर तो परका विषय वाटणे स्वाभाविक आहे. जोडीने, एकमेकांना धरून नाचण्याची रीत गोव्यात प्रामुख्याने बार्देश, तिसवाडी आणि साष्टी ह्या जुन्या काबिजादींतील, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या तालुक्यांतील, ख्रिस्ती समाजात रुजली. डिचोली व पेडणे हे तालुके पोर्तुगीज अमलाखाली आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तेथील नृत्य देवळाच्या प्रांगणात, घराच्या अंगणात आणि गावाच्या मांडावरच राहिले. मांड म्हणजे गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली, लोकनृत्याची व विधींची पवित्र मोकळी जागा. परंतु शरीराच्या चलनाचे तंत्र म्हणून पाहिले, तर ह्या मांडावरच्या फुगडीत, धालोत आणि शिगम्याच्या घोडेमोडणीत सांबाला लागणारे बरेचसे गुण आधीपासून नांदत आहेत, आणि ह्या भागातील एखाद्याने सांबा शिकायचे ठरवले तर त्याने आपल्या पायांत आधीच असलेल्या ह्या ज्ञानापासून आरंभ करणे सर्वांत सोयीचे ठरेल.

सांबाचा उगम ब्राझीलच्या बाहिया प्रांतात, आफ्रिकेतून, विशेषतः काँगो व अंगोलाच्या प्रदेशांतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वर्तुळनृत्यांत सापडतो. तेथील ‘सांबा दे रोदा’ ह्या प्रकारात मंडळी गोल करून उभी राहतात, टाळ्या व गाणे यांच्या साथीवर एकजण मध्ये येऊन नाचतो आणि नंतर पोटाशी पोट भिडवण्याची खूण करून दुसऱ्याला मध्ये बोलावतो; युनेस्कोने 2005 मध्ये ह्या परंपरेला मानवजातीच्या मौखिक व अमूर्त वारशात स्थान दिले. बाहियातून रिओ दि जानेरोला गेलेल्या कुटुंबांबरोबर हे संगीत शहरात पोहोचले, 1917 च्या कार्निव्हलमध्ये ‘पेलो टेलेफोने’ ह्या गाण्याने सांबा हे नाव घरोघरी नेले, आणि 1928 मध्ये रिओच्या एस्तासिओ वस्तीत ‘देइशा फालार’ ही पहिली सांबा-शाळा म्हणून ओळखली जाणारी मंडळी उभी राहिली. हॉलिवूडच्या ‘फ्लाइंग डाउन टू रिओ’ (1933) ह्या चित्रपटाने आणि पुढे कार्मेन मिरांडाच्या लोकप्रियतेने ब्राझिली ताल अमेरिकेत व युरोपात फॅशनचा विषय झाला. लंडनमध्ये मूळचे फ्रेंच असलेले पिएर आणि त्यांच्या सहकारी डोरिस लॅव्हेल यांनी लॅटिन नृत्ये शिकवण्याची घडी बसवली, आणि वॉल्टर लेअर्ड यांच्या 1961 च्या तंत्रग्रंथाने प्रत्येक पावलाला मात्रा, दिशा आणि पायाचा कोणता भाग जमिनीला लागावा ह्याचे नियम दिले. रस्त्यावरचा ब्राझिली सांबा बहुधा एकट्याने, जागच्या जागी नाचला जातो; बॉलरूमचा सांबा जोडीचा आहे आणि तो सबंध दालनभर फिरतो. ह्या दोहोंत वेशभूषेचे, पावलांचे, हेतूचे पुष्कळ अंतर पडले असले तरी तालाची मूळ वीण एकच राहिली.

ती वीण समजून घ्यायला मराठी माणसाला पाश्चात्त्य स्वरलेखन शिकण्याची गरज नाही. तबल्याचा एक बोल पुरेसा आहे. सांबाचे आवर्तन दोन मात्रांचे असते आणि स्पर्धेतील सांबाची गती मिनिटाला साधारण 50 आवर्तने, म्हणजे 100 मात्रा, इतकी ठेवली जाते. ह्या दोन मात्रा चौगुनीत मोजल्या, म्हणजे प्रत्येक मात्रेचे चार सारखे भाग केले, की आठ भाग मिळतात, आणि ‘तिरकिट तिरकिट’ असे म्हटले की तेच आठ भाग तोंडाने मोजले जातात. सांबाच्या मूळ पदन्यासात तीन पावले असतात. पहिले पाऊल पहिल्या ‘ति’वर पडते आणि ‘तिरकि’ संपेपर्यंत, म्हणजे पाऊण मात्रा, टिकते, दुसरे पाऊल पहिल्या ‘तिरकिट’मधील ‘ट’वर पडते आणि फक्त पाव मात्रा राहते, तिसरे पाऊल दुसऱ्या ‘ति’वर पडते आणि सबंध दुसरी मात्रा व्यापते. पाऊण, पाव, एक असा हा हिशेब आहे. शंभर मात्रांच्या गतीला एक मात्रा 0.6 सेकंदाची होते, तेव्हा पहिल्या पावलाला 0.45 सेकंद, दुसऱ्याला 0.15 सेकंद आणि तिसऱ्याला 0.6 सेकंद मिळतात. इंग्रजी वर्गांत हाच क्रम ‘वन-अ-टू’ असा म्हटला जातो, आणि त्यातील निसटता ‘अ’ म्हणजे आपला ‘ट’.

नवशिक्याची चूक इथेच होते, आणि ती बहुधा एकाच प्रकारची असते. तीन पावले आणि दोन मात्रा दिसल्या की शरीर त्यांची सोपी वाटणी करू पाहते, आणि दुसरे पाऊल ‘ट’ऐवजी ‘कि’वर, म्हणजे मात्रेच्या बरोबर मध्यावर, पडू लागते. पाऊण-पाव ह्याचे अर्धे-अर्धे झाले की नृत्य सांबा राहत नाही. त्यातील ओढ नाहीशी होते आणि पावले कवायतीसारखी पडतात. ह्याच्या उलट दोषही आढळतो: ‘ट’ उशिरा गाठण्याच्या नादात तिसरे पाऊल उशिरा पडते आणि दुसरी मात्रा चुकते. म्हणून पहिल्या पावलावर शेवटपर्यंत थांबण्याची हिंमत आणि मग ‘ट-ति’ एका दमात टाकण्याची चपळाई ही दोन्ही एकत्र कमवावी लागतात. थांबण्याची हिंमत हा शब्द इथे जाणूनबुजून वापरला आहे, कारण वेगवान संगीतात पाऊल धरून ठेवणे हे पाऊल टाकण्यापेक्षा अवघड असते, आणि घाई करणाऱ्या नर्तकाला सहसा वेळ कमी पडत नसतो, मिळालेल्या वेळेवर त्याचा विश्वास बसत नसतो.

संगीत कोठून ऐकावे ह्याचे उत्तरही सांबाच्या वाद्यमेळातच आहे. सुर्दो नावाचा खर्जातला मोठा ढोल आवर्तनाच्या दुसऱ्या मात्रेवर आपला सर्वांत खोल ठोका देतो. पाश्चात्त्य मोजणीला सरावलेला कान पहिल्या मात्रेवर वजन शोधतो आणि म्हणून सुरुवातीला तो आवर्तन उलटे धरण्याची शक्यता असते. सुर्दोच्या वर गांझा हे खुळखुळ्यासारखे वाद्य आणि पांदेइरो ही झांजा बसवलेली डफली पाव मात्रांची अखंड किणकिण चालू ठेवतात, आणि त्या चार पावांपैकी पहिली व चौथी, म्हणजे ‘ति’ आणि ‘ट’, उठून ऐकू येतात. खऱ्या ब्राझिली वादकांच्या हातून ह्या चार पाव मात्रा काटेकोर सारख्या पडत नाहीत, त्यांत थोडा झोका असतो, आणि तो झोका अंगी येणे ही पुढची पायरी आहे. शिगम्याच्या वाद्यमेळात वाढलेल्या कानाला ही थरांची रचना अनोळखी नाही: तिथेही ढोल खालचा ठेका धरतो, ताशा मधल्या जागा भरतो आणि कांसाळे, म्हणजे काशाची मोठी झांज, वरची लय राखते. ढोलावर पाय आणि ताशावर अंग ठेवून नाचणाऱ्याला सुर्दो व गांझा यांत आपली जागा सापडायला फार दिवस लागू नयेत.

पावलांचा हिशेब हा सांबाचा अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा भाग म्हणजे ज्याला नर्तक ‘बाउन्स’ म्हणतात तो गुडघ्याचा आणि घोट्याचा झोल. भार पेलणाऱ्या पायाचा गुडघा अर्ध्या मात्रेत हलका वाकतो आणि उरलेल्या अर्ध्या मात्रेत सरळ होतो. म्हणजे एका आवर्तनात शरीर दोनदा खाली जाते आणि दोनदा वर येते. पावलांची वाटणी पाऊण-पाव-एक अशी विषम आणि गुडघ्याची वाटणी अर्धा-अर्धा-अर्धा-अर्धा अशी सम असल्यामुळे एकाच पायात दोन निराळे हिशेब एकाच वेळी चालवावे लागतात, आणि सांबाच्या अवघडपणाचे मूळ इतर कशाहीपेक्षा ह्या गोष्टीत आहे. दोन्ही हिशेब एकमेकांवर ठेवून पाहिले तर एक महत्त्वाची गोष्ट दिसते. पहिले आणि तिसरे पाऊल पडते तेव्हा गुडघा खाली जाऊ लागतो, म्हणजे भार जमिनीत उतरतो. मधले पाव मात्रेचे पाऊल मात्र गुडघा सरळ होत असताना, शरीर वर येत असताना पडते. त्यामुळे त्या पावलावर सबंध भार टाकण्याची गरज नसते आणि टाकूही नये, कारण 0.15 सेकंदात सगळे शरीर एका पायावर नेऊन परत आणणे कोणालाच साधणार नाही. त्या पावलाला ‘अर्धभाराचे पाऊल’ म्हणता येईल: पाय जमिनीला लागतो, थोडा आधार देतो आणि शरीर मूळ पायाकडे परतते.

बाउन्स म्हणजे उड्या मारणे असा समज झाला की नृत्य बिघडते. गुडघ्यात निर्माण झालेली हालचाल ओटीपोटात आणि कमरेत जिरली पाहिजे. छाती, खांदे आणि डोके जवळपास एकाच पातळीत राहिले पाहिजेत. डोक्यावर भरलेली घागर घेऊन चढण उतरणाऱ्या बाईच्या गुडघ्यांत जे कसब असते तेच हे कसब आहे. खालची प्रत्येक हालचाल वर पोहोचण्याआधी अंगातच शोषली जाते आणि पाणी हिंदकळत नाही. शिक्षक आरंभीच्या शिष्यांना आरशासमोर उभे करून आरशातील एखाद्या आडव्या रेषेशी डोळ्यांची पातळी जुळवायला लावतात, आणि गुडघे झुलत असताना ती पातळी ढळत नाही ना हे पाहायला सांगतात.

ह्या कौशल्याचे सर्वांत सुंदर देशी उदाहरण डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतील घोडेमोडणीत पाहायला मिळते. शिगम्याच्या दिवसांत होणारे हे वीरनृत्य राणे घराण्याच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या लढायांच्या स्मृतीशी जोडले जाते. नर्तकाच्या कमरेला लाकडी घोड्याचे मुंडके व सांगाडा बांधलेला असतो, त्यावर रंगीत वस्त्राची झूल असते, डोक्याला फुलांनी सजवलेला फेटा असतो, पायांत घुंगरू असतात आणि उजव्या हातात तलवार उगारलेली असते. गाणे नसते, ढोल, ताशा आणि झांजा ह्यांच्या तालावर घोडेस्वार पुढे जातात आणि मागे येतात. जवळून निरखले तर ध्यानात येते की घोडा नाचतो तो केवळ गुडघ्यांमुळे. सांगाडा कमरेला घट्ट बांधलेला असल्यामुळे गुडघ्याचा प्रत्येक झोल घोड्याच्या मुंडक्यात उतरतो आणि घोडा दुडकत असल्याचा भास होतो, पण त्याच वेळी स्वाराची छाती ताठ आणि तलवारीचा हात मोकळा राहावा लागतो, नाहीतर घोडा आणि स्वार हे दोन जीव वेगळे दिसणारच नाहीत. कमरेखाली एक आणि कमरेवर दुसरे अशी शरीराची ही विभागणी सांबाच्या वर्गात कित्येक महिने घोटून घेतली जाते. घोडेमोडणीच्या नर्तकाने ती आपल्या वडीलधाऱ्यांना पाहत, कमरेला घोडा बांधून मिळवलेली असते, आणि तिला तंत्र म्हणून कोणी मान दिलेला नसला तरी ते अस्सल तंत्रच आहे.

बायकांच्या नृत्यांतून मिळणारे शिक्षण निराळ्या जातीचे आहे. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत घराघरांत रंगणारी फुगडी संथ गाण्याने सुरू होते, लय वाढत जाते, आणि शेवटी वेग इतका चढतो की गाणे म्हणणे शक्यच राहत नाही. तेव्हा शब्द गळून पडतात आणि तोंडाने सोडलेल्या ‘फू’ ह्या श्वासावर ताल राखला जातो. लय चढत असताना ताल न सोडण्याचे हे तंत्र बारकाईने पाहण्याजोगे आहे. दमलेले शरीर पहिल्यांदा श्वास कोंडते, श्वास कोंडला की खांदे वर चढतात, खांदे चढले की गुडघे आखडतात आणि आखडलेल्या गुडघ्याला ताल धरता येत नाही. फुगडीतील उच्छ्वास ही साखळी पहिल्याच कडीला तोडतो, कारण श्वास बाहेर टाकणाऱ्याला खांदे वर धरून ठेवताच येत नाहीत. मिनिटाला 100 मात्रांच्या सांबात दीड-दोन मिनिटे नाचायचे असेल तर हाच उपाय करावा लागतो: दुसऱ्या मात्रेला, सुर्दोच्या खोल ठोक्याबरोबर, श्वास सोडावा, म्हणजे भार आपोआप खाली उतरतो. दोघींची फुगडी आणखी एक गोष्ट शिकवते. हातांची अढी घालून, पाय जुळवून, अंग मागे झोकून दोघी फिरतात तेव्हा प्रत्येकीचा तोल दुसरीच्या ओढीवर उभा असतो, आणि एकीची मात्रा किंचित जरी सरकली तरी दोघींनाही ते तत्काळ हातांतून कळते.

धालोमध्ये हे परस्परज्ञान आणखी सूक्ष्म होते. पौष महिन्यातील चांदण्या रात्री मांडावर जमलेल्या बायका समोरासमोर दोन रांगा करतात, शेजारणीच्या पाठीमागून हात घालून साखळी गुंफतात आणि आळीपाळीने गाणी म्हणत, वाकत, काही पावले पुढे व काही पावले मागे अशी हालचाल करतात. रांगेतील बाईला शेजारणीचे पाय दिसत नाहीत. तिला पाठीवरच्या हातातून भार कोणीकडे झुकतो आहे ते कळते आणि तिचे पाऊल त्याबरोबर निघते. जोडीच्या नृत्यात पुरुषाने दिशा सुचवायची आणि स्त्रीने ती ओळखून चालायचे, ह्यालाच ‘लीड’ आणि ‘फॉलो’ म्हणतात. शिकाऊ पुरुष ही सूचना हातांनी ढकलून किंवा ओढून देऊ लागतो, त्यामुळे जोडीदारणीचा तोल जातो आणि तिचा बाउन्स मोडतो. सूचना द्यायची असते ती स्वतःच्या भाराने. छातीचा आणि पाठीचा चौकट राखणारा भाग ती पोहोचवतो, हात फक्त मध्ये असतात. धालोच्या रांगेत कोणी कोणाला ढकलत नाही आणि तरीही सगळी रांग एकदम निघते, हे पाहिल्यावर ही गोष्ट वेगळी समजावण्याची फारशी गरज उरत नाही.

अर्थात ह्या साम्याला मर्यादा आहेत आणि त्या लपवण्यात शिकणाऱ्याचे हित नाही. मांडावरची नृत्ये अनवाणी केली जातात, पाऊल बहुधा सपाट पडते आणि भार पूर्ण टाकला जातो. सांबात शरीराचा तोल चवड्यांवर, थोडा पुढे राखावा लागतो; पाऊल पडताना आधी चवडा लागतो आणि मग टाच हलकेच खाली येते. लॅटिन नृत्याचे बूट ह्याच तोलासाठी उंच टाचेचे असतात, पुरुषांच्या बुटाची टाच साधारण दीड ते दोन इंच आणि स्त्रियांची अडीच ते तीन इंच, आणि तळवा मऊ सुएड चामड्याचा असतो, जेणेकरून पाय घसरणार नाही आणि अडकणारही नाही. घरातील गुळगुळीत लादीवर साध्या चपलांनी किंवा रबरी तळव्याच्या बुटांनी सराव करणाऱ्याला पाऊल वळवताना गुडघ्याला पीळ बसण्याचा धोका असतो, कारण रबरी तळवा जमिनीला धरून ठेवतो आणि शरीर मात्र वळलेले असते.

सर्व तंत्र एका पदन्यासात पाहायचे असेल तर ‘व्हिस्क’ निवडावा. पुरुष डाव्या बाजूला व्हिस्क करतो तेव्हा पहिल्या ‘ति’ला डावा पाय बाजूला टाकतो, आधी चवडा आणि मग सबंध पाऊल, आणि गुडघा वाकत भार पूर्णपणे डाव्या पायावर येतो. ‘र’ आणि ‘कि’ ह्या अक्षरांना पाऊल पडत नाही, पण शरीर थांबलेले नसते: ‘कि’पासून गुडघा सरळ होऊ लागतो आणि मोकळा उजवा पाय जमिनीलगत ओढला जात असतो. ‘ट’ला उजवा पाय डाव्याच्या मागे अढी घालून टेकतो, फक्त बोटांवर, टाच वर राखून, बोटे बाहेरच्या बाजूला वळवून, अर्ध्या भाराने. दुसऱ्या ‘ति’ला भार पुन्हा डाव्या पायावर, होता तिथेच, उतरतो आणि गुडघा परत वाकतो. मग उरलेल्या ‘रकिट’मध्ये उजवा पाय मोकळा होऊन उलट दिशेच्या व्हिस्कसाठी सज्ज होतो. ह्या सगळ्यात कंबर जोडीदाराकडे समोर राहिली पाहिजे; मागे अढी घालताना नितंब पायामागे वळले की चूक झाली असे समजावे. तंत्र बरोबर असेल तर पाव मात्रेच्या त्या पावलावर ओटीपोट किंचित आत येते आणि दुसऱ्या मात्रेवर ते सुटते, आणि प्रेक्षकाला कमरेचे जे आंदोलन दिसते ते हेच. ते निराळे करायला गेले की पाठीच्या खालच्या मणक्यांवर ताण येतो, म्हणून जाणकार शिक्षक कंबरेचा उल्लेख पहिले काही आठवडे टाळतात.

‘बोटाफोगो’मध्ये हाच पाऊण-पाव-एक हिशेब पुढे पाऊल टाकून आणि मधल्या पावलावर शरीर वळवून साधला जातो. ‘व्होल्टा’मध्ये तो साखळीसारखा लांबवला जातो, पुढचा पाय दर मात्रेला अढी घालत जातो, मागचा पाय दर ‘ट’ला अर्धा भार घेतो, आणि दोन आवर्तनांत सात पावले पडतात. उलट ‘रॉक’ आणि ‘रोल’ ह्या प्रकारांत बाउन्स मुळीच नसतो आणि एक, अर्धी, अर्धी अशी मात्रांची वाटणी असते. चांगली जोडी झोलाच्या आणि सपाट चालीच्या पदन्यासांची अदलाबदल करते, म्हणजे प्रेक्षकाला आणि स्वतःच्या पोटऱ्यांनाही विसावा मिळतो.

मराठी प्रेक्षकाने लॅटिन तालाची ही हालचाल प्रथम पाहिली ती बहुधा हिंदी चित्रपटात. सी. रामचंद्र यांनी ‘अलबेला’ (1951) ह्या चित्रपटात लॅटिन अमेरिकन ढंगाची वाद्ययोजना केली, त्यांच्या वाद्यवृंदात बार्देशातील हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होते, आणि पडद्यावर भगवानदादा छोटी पावले टाकत नाचले. भगवानदादांच्या नाचाला सांबा म्हणता येणार नाही, पण त्यांचे गुडघे सैल आहेत, वरचे अंग निवांत आहे आणि पाऊल मात्रेवर उतरताना घाई नाही. गिरणगावात वाढलेल्या ह्या नर्तकाच्या नाचाचे मर्म हातवाऱ्यांत न शोधता गुडघ्यांत शोधायला हवे.

सरावाचा क्रम ह्या सर्व विवेचनातून आपोआप ठरतो. पोटऱ्या आणि घोटे आधी सैल करून घ्यावेत, कारण सांबाचा सगळा भार त्यांच्यावर पडतो आणि थंड स्नायूंनी बाउन्स केला तर घोट्यामागचा जाड स्नायुबंध दुखावतो. मग पाय न हलवता, जागच्या जागी, मिनिटाला 60 मात्रांच्या संथ गतीला अर्धी मात्रा गुडघा वाकवावा आणि अर्धी मात्रा सरळ करावा. तोंडाने ‘तिरकिट तिरकिट’ चालू ठेवून फक्त ‘ट’ आणि ‘ति’ यांवर टाळी द्यावी. टाळी बसल्याशिवाय पाऊल टाकू नये, कारण जी मात्रा हाताला सापडत नाही ती पायाला सापडणे कठीण असते. त्यानंतर जागच्या जागी भारबदल, मग व्हिस्क, आणि ते एकट्याने निर्दोष झाल्यावरच जोडीदार. गती वाढवताना एकदम 100 मात्रांवर न जाता टप्प्याटप्प्याने जावे, आणि ज्या गतीला ‘ट’ सरकून ‘कि’वर येऊ लागेल तिथून एक टप्पा मागे यावे. जोडीने नाचताना आरंभी दोघांनी मिळून बोल मोठ्याने म्हणावेत, आणि नंतर ते बंद करून फक्त दुसऱ्या मात्रेचा श्वास एकमेकांना ऐकू येईल इतका सोडावा. दोघांचे श्वास एका ठोक्यावर येऊ लागले की हातांची पकड सैल करून पाहावी, आणि ती सैल होऊनही पावले जुळत राहिली तर पुढचा पदन्यास हाती घ्यावा.